यंत्राची साक्ष

मूल धडपडून पडलें म्हणजे आमची आजी प्रथम त्याला उचलीत नसे. ती जमिनीला दोन चापट्या मारी, 'हात् मेली! आमच्या बाळाला पाडतेस होय?' असें तिला दटावी, आणि मग मुलाकडे वळे. तोंपर्यंत मुलाचें रडें निम्म्यानें ओसरलेलें असे. त्या वयांत आम्हांला हा प्रकार भाबडेपणाचा वाटे, आणि 'जमिनीला काय कळतं?' असा शहाणा प्रश्नहि आम्हीं एकदां आजीला विचारला होता. आतां केस पांढरे झाल्यावर ध्यानांत येतें कीं, जमिनीला कांहीं कळत नाहीं हें आजीला आमच्याइतकेंच ठाऊक होतें. परंतु दुखावलेल्या जिवाला औषधाच्या आधीं अपराधी हवा असतो, ही जी अधिक गोष्ट तिला ठाऊक होती, ती आम्हांला नव्हती.

असा अपराधी सांपडला नाहीं म्हणजे माणसाची काय दशा होते, याचा अनुभव गेल्या वर्षीं श्रावणांत आम्हांला धुळ्यास आला. तो वाचकांपुढें ठेवावा असें योजिलें आहे. अनुभव दहा हजार रुपयांचा आहे; पण त्या रकमेसाठीं आम्ही लेखणी हातीं घेतलेली नाहीं, हें शेवटीं दिसून येईल.

आम्ही जळगांवचे. धुळ्यास आमची मावशी असते. दोन्ही गांवें खानदेशांतलींच. पण आगगाडीनें जावयाचें तर चाळीसगांवास उतरून धुळ्याच्या शाखेची गाडी धरावी लागते, म्हणून बहुतेक माणसें एरंडोल-पारोळ्यावरून एस. टी. नें जातात. आम्हीहि तसेच गेलों. मावशीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू दुसऱ्या दिवशीं सकाळीं काढावयाचा होता आणि दवाखान्यांत रक्कम रोख भरावयाची होती. मावशीनें त्यासाठीं डब्यांत पैसे जमवून ठेवले होते. परंतु तो डबा उघडूं देण्यास आमचा मानी स्वभाव तयार होईना. जिच्या हातची कळण्याची भाकरी आणि वांग्याचें भरीत खाऊन आमच्या साऱ्या सुट्या गेल्या, तिच्या डोळ्याचा खर्च आम्हीं करूं नये तर कोणीं करावा? फोनवरून पैसे देण्याची विद्या आम्हांला अद्याप साधलेली नाहीं. 'रात्रीचा कुठं निघालास? सकाळी बघू,' असें मावशी म्हणत असतांनाच छत्री घेऊन आम्ही बाहेर पडलों. नऊ वाजून गेले होते आणि पाऊस चांगलाच लागला होता.

दोन गल्ल्या ओलांडल्यावर एका एटीएमच्या खोलींत दिवा दिसला. आंत कोपऱ्यांत रखवालदाराचें स्टूल होतें, रखवालदार नव्हता. भिंतीवरचें त्याचें कॅलेंडर आदल्या वर्षाच्या एका महिन्यावर थांबलेलें होतें, त्यावरून त्याची नोकरी केव्हां सुटली असावी याचा अंदाज करतां येत होता. खालीं चिठोऱ्यांचा सडा पडला होता आणि दिव्याभोंवतीं पावसाळी किडे घोंघावत होते. यंत्रानें आमचें मराठींत स्वागत केलें. आम्हीं गुप्त आंकडा दिला, दहा हजारांची मागणी केली, आणि आंतून नोटा मोजल्याची ती ओळखीची खडखड ऐकूं आली. मग एकाएकीं सारें शांत झालें. नोटा बाहेर येण्याची फट कांहीं उघडली नाहीं. 'व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही, तसदीबद्दल क्षमस्व,' अशीं अक्षरें उमटलीं आणि कार्ड परत आलें. बरें झालें, निदान कार्ड तरी अडकलें नाहीं, असें मनाशीं म्हणत आम्ही वळलों, तोंच खिशांतल्या फोननें वर्दी दिली कीं, आमच्या खात्यांतून दहा हजार रुपये काढले गेले आहेत.

पुढच्या पांच मिनिटांतील आमचें वर्तन सांगण्यासारखें नाहीं. पण सांगितल्यावांचून गत्यंतरहि नाहीं. आम्हीं फटीखालीं हात धरून पाहिला. पावती मागितली, तों पावतीचा कागद संपल्याचें कळलें. आजीची आठवण होऊन यंत्राला एक चापटहि मारून पाहिली. शेवटीं छताजवळचा कॅमेरा दिसला, तेव्हां त्याच्यासमोर उभे राहून आम्हीं दोन्ही हात वर केले आणि रिकामे पंजे उघडून त्याला दाखविले. चोरी आमची झाली होती आणि झडती आम्हीच देत होतों!

पंजे खालीं घेऊन मागें पाहतों तों दारांत एक म्हातारा उभा. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलें, डोक्यावर टोपी, आणि हातांत प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळलेलें कार्ड. त्यानें आमचा तो सारा अभिनय पाहिला असलाच पाहिजे. पण तो हंसला नाहीं.

'दादा, इतलं काम करी द्या,' तो म्हणाला. 'माले वाचता येस नई. नातू दवाखानामा शे. तीन हजार काढी द्या.'

आणि आम्हीं कांहीं बोलण्यापूर्वींच त्यानें कार्ड पुढें करून आपले चारहि आंकडे मोठ्यानें सांगून टाकले.

आमच्या मनांत त्या क्षणीं काय आलें तें लपविण्यांत अर्थ नाहीं. या यंत्रानें आत्तांच आमचे दहा हजार गिळले. उद्यां याचे तीन हजार गिळले तर हा कोणाचें नांव घेईल? यंत्राचें कीं आमचें? त्याचें कार्ड आमच्या हातांत असल्याचें चित्र त्या कॅमेऱ्यांत राहील. तें पाहून कोणी काय म्हणेल? म्हाताऱ्याला आमचा संशय येईल, अशी भीति आम्हांला वाटली. वस्तुतः त्याच्या मनांत संशयाचा लवलेश नव्हता. तो उपजला होता तो आमच्याच मनांत.

'मशीन बंद आहे, बाबा,' आम्हीं म्हटलें.

त्या यंत्रापुरता हा सल्ला बरोबर होता, हें आम्ही आजहि म्हणूं. पण म्हाताऱ्यानें लगेच विचारलें, 'मंग आते कोठे जाऊ?' या प्रश्नाचा अर्थ रस्ता दाखवा एवढाच नव्हता. तुम्हीं बरोबर यावें, असा त्याचा अर्थ होता, आणि तो आम्हांला कळला होता. आम्हीं हातानें पुढच्या चौकाकडे दाखविलें. 'बरं, दादा,' असें म्हणून त्यानें कार्ड पुन्हां पिशवींत गुंडाळलें आणि तो पावसांत उतरला. छत्री आमच्यापाशीं होती.

घरीं येऊन आम्हीं हकीकत सांगितली. मावशीनें मुकाट्यानें डबा काढला आणि नोटा मोजून उशीखालीं ठेवल्या. मग दिवा मालवतां मालवतां तिनें विचारलें, 'पण तिथं कोणीच नव्हतं का रे?'

'कोणी नव्हतं,' आम्हीं सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं मावशीला आंत नेल्यावर बाहेरच्या बांकावर बसून आम्ही या माणसावांचून चालणाऱ्या यंत्रांचा विचार करूं लागलों. त्यांची जात कांहीं आजची नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हीरो नांवाच्या पंडितानें देवळांतल्या एका पात्राचें वर्णन लिहून ठेवलें आहे. फटींतून पांच द्राख्मांचें नाणें टाकावें. तें आंतल्या तरफेच्या टोंकावर पडावें. त्या भारानें झांकण उघडून हात धुण्यापुरतें पाणी वाहावें. आणि नाणें घसरून पडलें कीं झांकण पुन्हां बसावें. देवाच्या दारींसुद्धां नाण्यावांचून पाणी मिळूं नये, अशी तजवीज माणसानें इतक्या जुन्या काळीं केली. पैसे देणारें यंत्र निघावयास मात्र पुष्कळ शतकें लागलीं. बार्क्लेज बँकेनें तें ता. २७ जून १९६७ रोजीं लंडनच्या एनफील्ड भागांत बसविलें. त्याचे कर्ते जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. बँक बंद झाल्यावर दाराशीं पोंचलों आणि रिकाम्या हातीं परतलों, यावरून ही कल्पना सुचली, असें ते सांगत. पत्नीला चारांहून अधिक आंकडे लक्षांत ठेवणें जड जाई, म्हणून गुप्त आंकडा चारच अक्षरांचा केला, हीहि हकीकत त्यांचीच. भारतांत असलें यंत्र १९८७ सालीं मुंबईस प्रथम आलें. म्हणजे पाण्याचें यंत्र अविश्वासांतून निघालें असेल; पण पैशाचें यंत्र बंद दारावर उपाय म्हणून निघालें, आणि बंद दाराचें दुःख ज्यानें भोगलें आहे त्याला तें वाईट म्हणवणार नाहीं. रात्रीं नऊ वाजतां कोणता कारकून आमच्यासाठीं खिडकी उघडून बसला असता?

तेव्हां यंत्र असूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तें बिघडूं नये, असेंहि नाहीं. बिघडणें हा यंत्राचा धर्मच आहे. या जातीशीं आमची पहिली ओळख जळगांव स्टेशनावर वजनाच्या यंत्राच्या रूपानें झाली. रंगीत दिवे लागत, कांचेमागचें चक्र गरगर फिरे, आणि नाणें टाकलें कीं जाड कागदाचें लहानसें तिकीट खालीं पडे. त्याच्या एका अंगास वजन आणि दुसऱ्या अंगास भविष्य छापलेलें असे. एकदां त्यानें आमचें नाणें गिळलें आणि तें स्वस्थ बसलें. आम्ही रडकुंडीस आलों, तोंच शेजारचा चहावाला किटली खालीं न ठेवतां म्हणाला, 'डाव्या अंगाला ठोक. वरून ठोकू नको, रुसतं ते.' डाव्या अंगाला ठोकतांच तिकीट पडलें. त्यावर आमचा स्वभाव फार शांत असल्याचें छापलेलें होतें! तें यंत्र धुळ्याच्या यंत्राहून अधिक प्रामाणिक होतें असें मुळींच नाहीं. फरक इतकाच कीं, त्याच्या शेजारीं त्याचें कपट जाणणारा एक माणूस उभा होता.

रेल्वेला हें उमगलेलें दिसतें. तिकिटें देणारीं स्वयंचलित यंत्रें तिनें स्टेशनांवर मांडलीं, आणि तीं प्रवाशांना चालवून देण्यासाठीं आपलेच निवृत्त नोकर कमिशनवर त्यांच्यापाशीं उभे केले. माणसाच्या जागीं यंत्र आणलें आणि मग यंत्रापाशीं माणूस आणला, म्हणून कोणी हंसेल. आम्हांला तो शहाणपणा वाटतो.

जळगांवास परतल्यावर आम्ही आमच्या बँकेंत गेलों. तक्रारींच्या टेबलाशीं एक तरुण मुलगी होती. तिनें आमचें म्हणणें शांतपणें ऐकलें, समोरच्या पडद्यावर पाहिलें, आणि अतिशय सौम्य स्वरांत म्हटलें, 'काका, नोंदीप्रमाणे व्यवहार यशस्वी झाला आहे.'

'पण पैसे मिळाले नाहीत.'

'पावती आहे का?'

'कागद संपला होता.'

हें उत्तर देतांना आमचें आम्हांलाच तें खोटें वाटलें. आरोपी तें यंत्र, साक्षीदार तेंच, आणि दफ्तरहि त्याच्याच पोटांत! ज्या धुळ्यांत हें घडलें, त्याच धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ता. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं देह ठेवला. जुन्या कागदांसाठीं त्यांनीं गांवोगांव पायपीट केली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवानें त्यांचे बावीस खंड काढले. कागदावांचून बोलूं नये, हा त्यांचा धडा. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ ज्या गांवांत आहे, त्या गांवांत आम्हांला वीतभर चिठोरें मिळूं नये, याला दैवदुर्विलास म्हणावें नाहीं तर काय!

मुलीनें एक अर्ज पुढें केला. कार्डाचे शेवटचे चार आंकडे, दिवस, वेळ, मागितलेली रक्कम, मिळालेली रक्कम, असे त्यांत रकाने होते. साक्षीदाराचा रकाना त्यांत नव्हता. आम्हीं तो दोनदां शोधला. कां शोधला, तें आम्हांला तेव्हां सांगतां आलें नसतें.

मग तिनें आमची समजूत पडावी म्हणून आंतली रीत सांगितली. यंत्र दुसऱ्या बँकेचें असलें म्हणजे आमची मागणी एका सामाईक जाळ्यांतून आमच्या बँकेकडे जाते. २००९ सालापासून हें जाळें नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवितें. आमची बँक खात्यांतून रक्कम आधीं वजा करते आणि होकार धाडते. त्यानंतर यंत्र आपल्या पेट्यांतून नोटा ओढतें. एखादी नोट दुमडली, किंवा दोन नोटा चिकटून आल्याची शंका आली, तर त्या बाहेर न देतां तें त्यांना टाकाऊ नोटांच्या निराळ्या पेटींत लोटतें. त्याच वेळीं 'पैसे दिले नाहींत, वजावट रद्द करा' असा उलटा निरोप त्यानें पाठवावयाचा असतो. तो निरोप वाटेंत तुटला कीं आमच्या बँकेपुरते आम्हीं पैसे घेतलेले असतात! पुढें रोकड भरणारीं माणसें येतात, यंत्र उघडतात, उरलेल्या नोटा मोजतात आणि हिशेबाशीं ताडून पाहतात. रोकड जास्त भरली म्हणजे तक्रार खरी. हें सारें पांच दिवसांत उरकून रक्कम परत जमा व्हावी, आणि उशीर झाल्यास ग्राहकानें न मागतां दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे.

पांच दिवस गेले. आम्ही रोज सकाळीं फोन उघडून पाहत होतों आणि मनांतल्या मनांत एक भाषण रचीत होतों. त्यांत उपरोध होता, न्याय होता, शेवटीं थोडी क्षमाहि होती. बाराव्या दिवशीं दुपारीं दहा हजार रुपये जमा झाल्याचा निरोप आला. त्यांत दिलगिरीचा शब्द नव्हता, चुकीचा उल्लेखहि नव्हता. सात दिवसांच्या उशिराचे ७०० रुपये, न मागतां मिळावयाचे ते, आणखी एक अर्ज केल्यावर मिळाले. भाषण मात्र आमच्या अंगावर पडलें. तें कोणाला ऐकवावयाचें? त्या मुलीची कांहीं चूक नव्हती, आणि ज्याची चूक होती त्याला कान नव्हते.

पण राग ओसरल्यावर एक गोष्ट आमच्या लक्षांत आली. कोठें तरी एका माणसानें तें यंत्र उघडलें असलें पाहिजे. त्यानें नोटा मोजल्या आणि वीस नोटा जास्त आहेत, असें लिहून दिलें. तो आम्हांला ओळखत नव्हता. आमच्या त्या भाषणाची त्याला गंधवार्ता नव्हती. तरी त्यानें मोजून पाहिलें आणि जें दिसलें तें लिहिलें, म्हणून आम्ही खरे ठरलों. यंत्राची साक्ष खोडून काढली ती शेवटीं एका अनोळखी माणसाच्या साक्षीनें.

आणि तशीच साक्ष देऊं शकणारा दुसरा एक अनोळखी माणूस त्या रात्रीं दारांत उभा होता. आमचे रिकामे पंजे त्या कॅमेऱ्याखेरीज एकट्या त्यानें पाहिले होते. अर्जांत तो रकाना असता तर तेथें त्याचें नांव आलें असतें. पण तें आम्हीं विचारलेंच नव्हतें. आमच्याकडे पावती मागितली गेली तेव्हां आम्हांला अपमान वाटला. त्यानें मात्र पावती, ओळख, कांहींएक न मागतां आपले चार आंकडे आमच्या हवालीं केले होते, आणि आम्हीं त्याला चौकाकडे बोट दाखविलें. पुढच्या चौकांत त्याला यंत्र सांपडलें कीं नाहीं, कोणी पैसे काढून दिले, नातवाचें काय झालें, हें आम्हांला ठाऊक नाहीं. मावशीला तर आम्हीं सांगून बसलों होतों कीं तेथें कोणी नव्हतें.

मार्गशीर्षांत मावशीचा दुसरा डोळा निघाला. पुन्हां धुळें, पुन्हां तीच रात्र, आणि मुद्दाम तीच खोली. स्टूल होतें, कॅलेंडर कोणी तरी काढून नेलें होतें. यंत्रानें पहिल्याच मागणीस वीस करकरीत नोटा बाहेर दिल्या आणि पावतीहि दिली. त्या मोजून खिशांत ठेवल्यावर आम्ही दाराशीं बराच वेळ उभे राहिलों. पाऊस नव्हता. कोणी आलें नाहीं.

घरीं पोंचलों तेव्हां मावशी नव्या डोळ्यानें आमच्याकडे निरखून पाहत म्हणाली, 'इतका उशीर? पुन्हा अडकले का पैसे?'

'नाही,' आम्हीं म्हटलें. 'मशीनची काही चूक नव्हती.'